चौहातीतलं तांबं

संस्थेत तिला सगळे वहिनीच म्हणत. झालं असं, की तिची नणंद त्याच संस्थेत, दोन मजले खाली, प्रोटीनच्या खोलीत कामाला लागली आणि जिन्यात, कँटीनमध्ये, मीटिंगमध्ये, जिथे दिसेल तिथे “वहिनी, वहिनी” करत सुटली. आठवडाभरात काचसामान धुणाऱ्या मावशींपासून संचालकांपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने तर ते तिचं आडनाव समजून भाषणाच्या शेवटी डॉक्टर वहिनींचे आभार मानले होते. तिला आधी राग यायचा, मग सवय झाली. नणंदेला घरात माऊ म्हणत. चाळिशीला टेकलेली बाई, जंतूंच्या अंगावरची प्रोटीनं सुटी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि नाव काय, तर माऊ. वहिनीने ते नाव संस्थेत कधी फोडलं नाही. सूड उगवायचा असता तर फार सोपं होतं.

दोघींचं काम एकमेकींत अडकलेलं होतं. जंतू आपल्या पेशीला चिकटतो तो उगाच नाही. पेशीच्या अंगावर साखरा असतात, म्हणजे आपण चहात घालतो ती नव्हे, तिच्या चुलत-मावस भावंडांपैकी, आणि जंतूच्या प्रोटीनला त्या नेमक्या बसतील अशा खोबणी असतात. पण एका साखरेची पकड ढिली. म्हणून वहिनी सांगाडे बनवायची: मधे साखरेचं एक कडं, त्याला बाहेर काढलेले हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला प्रोटीनला आवडणारी साखर. हात किती हवेत, किती लांब हवेत, हे बदलून बदलून बघत गेलं की प्रोटीन साखरेला धरतं कसं ते कळतं, आणि पुढेमागे जंतूला पेशीऐवजी ह्या सांगाड्यालाच लटकवून ठेवता येईल अशी आशा. सांगाडा वहिनीने द्यायचा, प्रोटीन माऊने काढायचं आणि दोघांची गाठ घालून बघायची. दोन हातांच्या सांगाड्याला त्या दुहाती म्हणत, चार हातांच्याला चौहाती.

दुहातीने बरं काम दिलं होतं. चौहातीने मात्र कमाल केली. प्रोटीनच्या नितळ पाण्यात तिचा थेंब पडायचा अवकाश, पाणी बघता बघता गढूळ. एवढी प्रोटीनं एवढ्या हातांनी एकमेकांत बांधली जात होती की त्यांचा गुंता नुसत्या डोळ्यांना दिसावा. पकड दुहातीच्या कितीतरी पट निघाली. संचालक तो आलेख फ्रेम करून भिंतीवर लावायच्या बेतात होते.

आणि ह्याच आलेखाच्या जोरावर माऊ मुलाखतीला बसणार होती. संस्थेत एकच कायमची जागा निघाली होती. माऊ इतकी वर्षं करारावर होती, दर वर्षी करार संपत आला की तिची झोप उडायची. कायमच्या माणसाला आवारातच राहायला घर मिळे. तिच्या दृष्टीने तीच खरी गोष्ट होती. नवऱ्याचं घर सोडून ती दोन बॅगा घेऊन भावाकडे आली तेव्हा चार दिवसांचा वायदा होता. ते चार दिवस काही संपले नाहीत. भाची आपली खोली आत्याला देऊन हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागली आणि अभ्यासाला जेवणाच्या टेबलावर बसायला लागली, म्हणजे कोणी जेवायला बसलं की पुस्तकं खुर्चीवर आणि जेवण उरकलं की पुन्हा टेबलावर.

आता खोटं कशाला बोला. माऊने जावं असं वहिनीला मनापासून वाटत होतं. माऊ वाईट नव्हती. ती हसरी होती, कामाला वाघ होती, भाचीवर जीव टाकायची. पण न्हाणीघरातले तिचे केस, फ्रिजवरच्या तिच्या चिठ्ठ्या, वहिनीने काही म्हटलं की आधी लेकीच्या तोंडाकडे बघणाऱ्या सासूबाई, हे रोजच्या रोज सोसताना माणूस थकतं. तिने मानाने जावं, स्वतःच्या घरात जावं, पण जावं. वहिनीने हे कोणापाशी काढलं नव्हतं, नवऱ्यापाशीही नाही. सून म्हणून एवढं एक वाक्य गिळायला ती शिकली होती.

तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी माऊने निरोप पाठवला, की चौहातीची चिमूटभर पूड बाटलीत घालून दे, समितीला हातात धरून दाखवते. वहिनीने कपाटातून बाटली काढली. कपाटापाशी दिवा पिवळा होता, म्हणून लेबल वाचायला ती खिडकीशी आली. पूड पांढरी होती. म्हणजे पांढरीच म्हणायला हवी. पण बाटलीच्या कडेला, जिथे थर जाड होता, तिथे निळसर झाक होती.

तिने बाटली उजेडात आडवी धरून पुन्हा बघितली.

हे निळं काय, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सांगाड्याला हात जोडायचे तर तांब्याचा क्षार लागतो. हात जोडून झाले की ते तांबं धुऊन काढायचं असतं, तांबं ओढून घेणाऱ्या राळेच्या मण्यांमधून द्रावण पुन्हा पुन्हा सोडून. हे किचकट, आणि प्रत्येक धुण्यात थोडा मालही जातो. त्यातून जोडावरचे सांधे तांब्याला धरून बसतात. दुहातीला असे सांधे दोन, चौहातीला चार, म्हणजे हात जितके जास्त तितकं तांबं हट्टी. चौहाती मुळातच नखभर निघाली होती. संचालकांना अहवाल पाठवायचा होता, माऊ रोज जिन्यात अडवून “झाली का, झाली का” करत होती. वहिनीने एकदाच धुतलं, दिव्याखाली पांढरं दिसलं, आणि पुढे पाठवलं.

बरं, राहिलं थोडं तांबं, तर काय मोठंसं? मोठंसं हे, की प्रोटीन तांब्यालाही धरतं. तांबं प्रोटीनला प्रोटीन बांधतं, गुंता होतो, आणि पाणी गढूळ होतं. हुबेहूब तसंच.

ह्याची परीक्षा सोपी आहे, ह्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. गढूळ झालेल्या पाण्यात त्याच साखरेचं, पण सांगाड्याला न जोडलेल्या सुट्या साखरेचं, पाणी भरपूर ओतायचं. सगळ्या खोबणी सुट्या साखरेने भरल्या की प्रोटीन सांगाड्याचे हात सोडतं आणि पाणी पुन्हा नितळ होतं. नितळ झालं तर पकड साखरेची. नाही झालं तर दुसरंच काहीतरी. माऊने दुहातीच्या वेळी हे केलं होतं, आणि पाणी आरपार दिसलं होतं. चौहातीच्या वेळी तिच्या वाट्याला पूड आली एवढीशी, की तिने ती मोजमापालाच वापरली. दुहातीचं झालं म्हणजे चौहातीचं होणारच, असं ती म्हणाली होती, आणि वहिनीनेही मान हलवली होती.

वहिनी जिना उतरून खाली गेली. माऊ संचालकांकडे भाषणाची तालीम द्यायला गेली होती. खोलीत फ्रिज तेवढा गुरगुरत होता. दुसऱ्याच्या फ्रिजमधलं प्रोटीन न विचारता घेणं म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश वापरण्यासारखं, संस्थेत असलं कोणी करत नाही. वहिनीने केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, जिन्यात भेटलेल्या मावशींनी नुसतं “काय वहिनी” म्हटलं तर ती बर्फाचा डबा पाठीमागे लपवायला लागली.

वर येऊन तिने तीन नळ्या मांडल्या. एकीत प्रोटीन आणि दुहाती, दुसरीत प्रोटीन आणि चौहाती, तिसरीत प्रोटीन आणि नुसत्या तांब्याच्या क्षाराचा थेंब. तिन्ही गढूळ झाल्या, पहिली सावकाश, बाकीच्या दोन लगोलग. मग तिन्हींत सुटी साखर. पिपेटचं टोक नळीच्या काठावर वाजत होतं. पहिली नळी हळूहळू निवळली. दुसरी आणि तिसरी शेजारी शेजारी तशाच राहिल्या, कुठली कुठली हे चिठ्ठी वाचल्याशिवाय कळू नये इतक्या सारख्या. ती बसून राहिली. थोडं थांबावं, कदाचित वेळ लागत असेल, असं स्वतःला सांगत राहिली. काही निवळलं नाही.

सगळं खोटं होतं असंही म्हणता येत नव्हतं. तांबं काढल्यावर चौहाती चांगली धरेलही. पण ते कळायला तिला पुन्हा धुवायला हवं, वाळवायला हवं, आणि मुलाखत तर सकाळी होती. तिने उरलेली पूड मण्यांवर चढवली आणि समितीला दाखवायच्या बाटलीत दुहाती भरली. असं का केलं ते तिलाही सांगता आलं नसतं. माऊने बाटली घेतली, पारखलीही नाही, पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी घरात लगीनघाई होती. सासूबाई लेकीच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या, आणि इस्त्री करता करता कोणत्या बाजूने आत जावं, कोणाला आधी नमस्कार करावा असा उपदेश चालला होता. माऊने भाषणाची तालीम हॉलमध्ये सगळ्यांपुढे घेतली. भावाला जंतू केलं, भाचीला सांगाडा. भाचीने दोन्ही हात पसरले, मग आजीला शेजारी उभं करून आणखी दोन हात जोडले, आणि चारही हातांनी मिळून बापाला असं पकडलं की तो सोफ्यावर कोसळला. सगळे हसले. वहिनीही हसली, आणि तिच्या हातातलं झाकण खाली पडून खणखणाट करत टेबलाखाली गेलं.

“वहिनी माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय,” माऊ म्हणाली. “अगं, तुझ्या चौहातीने मला तारलंय. उद्या काही झालं तरी ती काही खोटं बोलणार नाही.”

वहिनीने झाकण उचलायच्या निमित्ताने टेबलाखालीच थोडा वेळ काढला. तेव्हा सांगायला हवं होतं. सासूबाई होत्या, लेक होती, ते खरंच, पण माऊला खोलीत नेऊन दार लावून सांगता आलं असतं. माऊला भाषणातून चौहाती काढून दुहातीवर बोलायला अख्खी संध्याकाळ होती. वहिनीने सांगितलं नाही.

भांडी घासताना तिने नवऱ्याला सांगितलं. हा बाबा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला सांगाडा, साखर, तांबं सगळं ऐकून एवढंच कळलं, की यंत्र चालतंय असं दिसतंय पण चालत नाहीये. त्याने तिला विचारलं, माणूस कोणी मरणार आहे का. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग उद्या संध्याकाळी सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा जागा हातात पडली की दोघी मिळून चूक सुधारा, कागद बदला, कोणाचं काय जातंय. लबाडीने बोलत नव्हता तो. बहिणीसाठी त्याचा जीव तुटत होता.

आणि वहिनीला ते पटलं. इथेच तर सगळी गोम होती. तिला ते फार लवकर पटलं. अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण माऊच्या नोकरीसाठी गप्प बसलेलो नाही. आपण त्या खोलीसाठी गप्प आहोत. हे एकदा दिसल्यावर झोप कसली येतेय. कूस बदलून बदलून तिचा खांदा दुखायला लागला. सांगावं तर माऊ कायमची आपल्या घरात, न सांगावं तर आपण तिला खोट्या पायावर उभं करून घराबाहेर काढतोय. इकडे आड, तिकडे विहीर. शिवाय पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या संस्थेत कोणी तिसरंच सुटी साखर ओतून बघेल, आणि तोंडाला काळं लागेल ते माऊच्या, सांगाडा बनवणारणीच्या नव्हे.

सकाळी दोघी नेहमीच्या बसने गेल्या. माऊ वाटेत ओठ हलवत भाषण घोकत होती. संस्थेच्या फाटकातून आत आल्यावर, सायकलींच्या छपरापाशी, वहिनीने तिचं मनगट धरलं.

“चौहातीत तांबं राहिलंय,” ती म्हणाली. “मी काल बघितलं. सुट्या साखरेने निवळत नाही.”

माऊला समजावून सांगावं लागलं नाही. तिचा चेहराच उतरला. तिने एकच विचारलं, तिसरी नळी ठेवली होतीस का, नुसत्या तांब्याची. वहिनीने हो म्हटलं. सारखीच का, असं माऊने विचारलं, आणि वहिनीने पुन्हा हो म्हटलं. माऊने मनगट सोडवून घेतलं, घड्याळात बघितलं, आणि जिना चढून गेली. पर्स तिने छातीशी धरली होती.

आत काय झालं ते वहिनीला संचालकांकडून कळलं. माऊने आलेख पडद्यावर लावला आणि म्हणाली, की हे माझ्या कामातलं सगळ्यात गाजलेलं मोजमाप आहे, आणि ते चूक आहे हे मला आत्ता खाली कळलं. मग गढूळपणा कशाने झाला, कसा ओळखायचा, हे तिने फळ्यावर काढून दाखवलं. समितीतल्या एकाने विचारलं, चूक कोणाची. ती म्हणाली, आमची. समितीने तिच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि जागा दुसऱ्याला दिली. ते सांगताना संचालक वहिनीच्या डोळ्यांना डोळा देत नव्हते.

घरी येईपर्यंत बातमी फोनवरून पोचलेली होती. सासूबाई इस्त्रीच्या टेबलाशीच बसून होत्या. माऊ खोलीत होती, दार लोटलेलं. नवऱ्याला वाटलं आपण बायकोची बाजू घ्यावी. तो म्हणाला, आई, तिला बोलू नकोस, कालपासून तिच्या जिवाला चैन नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तिचा. चांगल्या मनाने बोलला बिचारा, पण मदत करायला गेला आणि विळी पायावर पाडली.

“कालपासून?” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे काल संध्याकाळी ती पोर इथे हसत खेळत होती तेव्हा तुला ठाऊक होतं?”

वहिनीने हो म्हटलं. मग सासूबाईंचा बांध फुटला. पहिल्या दिवसापासून तू तिला पाण्यात बघतेस. ती तुझ्यापुढे जाईल हे तुला बघवलं नाही. सांगायला तुला मुलाखतीचीच सकाळ सापडली. त्या ओरडल्या नाहीत, हळू आवाजात एकेक शब्द वेचून वेचून बोलत होत्या, ते जास्त लागत होतं. वहिनीच्या लेकीने टेबलावरची पुस्तकं गोळा केली आणि ती उराशी धरून बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

वहिनी खोलीत गेली. माऊ पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मुलाखतीचे कपडे अजून अंगावर होते, सगळे चुरगळलेले. वहिनीने दार लावून घेतलं आणि उभीच राहिली. बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

“आई बोलतेय ते मी ऐकलं,” माऊ म्हणाली. “मला तसं वाटत नाही. म्हणजे वाटायला नको आहे. पण मी इथे बसून हिशेब करतेय. काल सांगितलं असतंस तर मी चौहाती काढून टाकली असती, दुहातीवर बोलले असते. आज संध्याकाळी सांगितलं असतंस तर ऑर्डर हातात असती. तू बरोबर मधली वेळ निवडलीस, वहिनी. जिच्यात माझं काहीच वाचणार नव्हतं ती. कोणी मुद्दाम करायचं ठरवलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.”

वहिनीने सांगायला सुरुवात केली, की मी घाबरले होते, मला कळत नव्हतं, मी पूड धुवायला चढवली होती, तुझ्या बाटलीत दुहातीच भरली होती. तिचं तिलाच ते पोकळ वाटलं. माऊ ऐकत होती, पण ती मोजमाप ऐकते तशी, खरं की खोटं ते ठरवत.

“हे सगळं मुद्दाम करणारीही म्हणेल,” माऊ म्हणाली. “मला दुसरं काहीतरी सांग. मला तुझ्यावर विश्वास ठेवायचाय. नाहीतर रोज त्याच जिन्याने चढताना माझ्या डोक्यात हेच राहील.”

वहिनी खिडकीपाशी गेली. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, पाणी रस्त्याच्या कडेने वाहत होतं. आपण निर्दोष आहोत ह्याचा एकच पुरावा तिच्यापाशी होता, आणि तो काढला तर ह्या घरात पुन्हा तोंड वर करून वावरता येणार नाही, हे तिला कळत होतं.

“ती जागा तुला मिळावी असं ह्या घरात सगळ्यात जास्त मला वाटत होतं,” ती म्हणाली. “तुझ्या आईपेक्षाही जास्त. कारण मग तू इथून गेली असतीस.”

माऊने पाय पोटाशी घेतले.

“मला तू जायला हवी होतीस. ह्या खोलीत कपाट कुठे सरकवायचं ते मी ठरवून ठेवलंय. लेकीला पडद्याचा रंग विचारून झालाय. म्हणून काल गप्प बसले. तुझ्यासाठी नाही, खोलीसाठी. आणि सकाळी सांगितलं, कारण तशी घालवायची नव्हती तुला. दुसरं काही नाही माझ्यापाशी.”

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता माऊ रडेल, नाहीतर बाहेर जाऊन आईला सांगेल. माऊच्या कपाळावरची आठी मात्र हळूहळू सैल झाली.

“कुठला रंग सांगितला तिने?” माऊने विचारलं.

“पिवळा.”

माऊने खोलीभर नजर फिरवली, जणू पिवळा इथे कसा दिसेल ते बघत होती. मग तिने पाय खाली सोडले आणि पलंगाच्या कडेला सरकली.

“पटलं,” ती म्हणाली. “हे कोणी रचून सांगणार नाही.”

माफी मागावी तर कशाची, हे वहिनीला कळेना. माऊ आपल्याच हातांकडे बघत होती. ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, उद्या डब्याला काय न्यायचं असं विचारावं तसा.

“मी जागा बघते. आवारात नाही, दुसरीकडे कुठेतरी. थोडे दिवस दे मला. पण वहिनी, हे आईला सांगू नकोस. तू माझं वाईट केलंस असं तिला वाटतंय ना, वाटू दे. त्याच्यावर ती रागावू शकते. मी इथे कोणाला नकोशी होते, हे कळलं तर तिला दुसऱ्या दिवशी उठवणार नाही. तेवढं कर माझ्यासाठी.”

वहिनीने मान डोलावली. ह्या मागणीला नाही म्हणायला तिच्याकडे तोंडच नव्हतं. बाहेर आली तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडे पाठ करून इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली होती.

महिन्याभरात माऊला संस्थेच्या मागच्या रस्त्यावर एक खोली मिळाली. सामान भावाने नेलं. धुतलेल्या चौहातीचं मोजमाप दोघींनी मिळून केलं. तिची पकड दुहातीपेक्षा थोडीफार जास्त निघाली, फार नाही, आणि ते त्यांनी तसंच लिहिलं. माऊ निघाली त्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहून रडल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेजारणीला सांगत राहिल्या, की माझ्या लेकीच्या तोंडचा घास काढला तो घरातल्याच माणसाने. वहिनी आत चहा करत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तिने चहा गाळला, आधी सासूबाईंचा कप नेऊन दिला. त्यांनी तो घेतला नाही, तेव्हा त्यांच्याजवळच्या स्टुलावर ठेवला आणि ती परत आत गेली.